मालक गेल्याची खबर

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५

टेटसाहेब गेले.

सकाळी डगचा फोन आला. डग म्हणजे आमच्या फुटबॉल टीमच्या 'ब्लू विंग' फॅन क्लबचा अध्यक्ष. एसी दुरुस्तीचा धंदा आहे त्याचा, मनाने राजा माणूस. आधी फोनवर नुसतं नाक शिंकरत होता. शेवटी म्हणाला, "हार्लन इज गॉन." मी गॅरेजमध्ये होतो, तिथेच बादली पालथी घालून बसलो आणि चांगला रडलो. बावन्न वर्षांचा घोडा. बाबा गेले तेव्हा मी व्हिसाच्या भानगडीत इथे अडकलो होतो, नागपूरला जाता आलं नाही आणि तेव्हा रडायलाही उसंत मिळाली नव्हती. ते राहिलेलं आज निघालं की काय कोण जाणे.

इथे लिहून ठेवतोय, कारण घरात कुणाला सांगून उपयोग नाही. सुजाता म्हणाली, "बगळ्यांचा म्हातारा गेला का? नव्वदीचा होता ना?" टीमच्या नावातला हेरॉन म्हणजे बगळा, हे तिला कळल्यापासून ती आमच्या टीमला बगळेच म्हणते. पायल फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, ही डिडन्ट इव्हन नो यू."

ओळखत होते. एकदा सीझनच्या पहिल्या मॅचला स्टेडियमच्या पार्किंगमध्ये म्हातारबुवा स्वतः फिरत होते. मी पाठीवर आडनाव छापलेली जर्सी घातली होती. माझ्या मागे थांबून त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचलं, "गज-भि-ये?" आणि पाठीवर थाप मारली. एवढंच. पण नागपुरात नवीन माणूस आडनाव विचारतो ते कशासाठी, हे मला चौथीपासून माहीत आहे. कॉलेजात मी आडनाव पुटपुटायचो. इथे सत्तर हजार माणसांत ते ठळक पांढऱ्या अक्षरांत पाठीवर घेऊन फिरतो आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही. हे सुख सुजाताला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणते, "कारण त्यांना वाचताच येत नाही."

संध्यामावशी शेंगा सोलत बसल्या होत्या. सुजाताच्या सख्ख्या मावशी, नागपूरच्या रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. पाच महिने झाले आमच्याकडे आहेत, चौदा तारखेला परत जाणार. त्यांनी विचारलं, "आपले कोण होते ते, पंडितराव?"

मी म्हणालो, "आमच्या टीमचे मालक."

"मालक," मावशी म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

दुपारी डगने माझ्यावर काम टाकलं. क्लबचे सगळे निरोप मीच पाठवतो, पण आमच्यातले पुष्कळ म्हातारे व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत, त्यांना फोन करून कळवायचं होतं. दुपारभर तेच केलं. एकेकाला नीट, हळू आवाजात सांगितलं. दोघं-तिघं फोनवरच रडले. डग म्हणाला, "पंडित, तुझ्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशींनी मध्येच पायलला विचारलं, "काय सांगून राहिले हे सगळ्यांना?" पायल म्हणाली, "दॅट द ओल्ड मॅन डाइड. म्हणजे मेला म्हणून सांगतात." तेव्हापासून मावशींचं डोकं दुखतंय. चहासुद्धा घेतला नाही, खोलीत जाऊन पडल्या. इथली थंडी त्यांना बाधते.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सगळ्या कोलंबसभर लोकांनी पोर्चमध्ये निळे बल्ब लावलेत. आमच्या डब्लिन उपनगरातल्या गल्लीत तर एक घर सुटलेलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात शेवटचे दोन राहिले होते, एक आणून लावला.

संध्याकाळी मावशी शाल गुंडाळून बाहेर आल्या, वर बघून म्हणाल्या, "सहा तारखेसाठी निळा दिवा लावलात. लई छान केलं, पंडितराव." आणि पार डोळ्यांत पाणी.

मी मान डोलावली. म्हातारं माणूस खुश होतंय तर होऊ द्यावं. थोड्या वेळाने समोरचा शेजारी कुत्रा फिरवत आला, बल्ब बघून त्याने छातीवर हात ठेवला. त्यालाही मी मान डोलावली. एका बल्बात दोघांचं समाधान झालं, वाईट काय?

रविवार, ३० नोव्हेंबर

आज आमच्या ग्रुपची मीटिंग झाली, महापरिनिर्वाण दिनाची. इथे आपली आंबेडकरी कुटुंबं मोजकीच, त्यात दरवर्षी एमएसला आलेली पोरं-पोरी भर घालतात. आजवर सहा डिसेंबर आणि चौदा एप्रिल कुणाच्या तरी बेसमेंटमध्येच झाले. वॉटर हीटरच्या बाजूला बाबासाहेबांचा फोटो आणि समोर कॅम्पिंगच्या खुर्च्या. यंदा पहिल्यांदा गावाच्या कम्युनिटी सेंटरचा मोठा हॉल मिळाला आहे. बुकिंग माझ्या नावावर, जानेवारीपासून मागे लागलो होतो. स्टेज आहे, पडदा आहे, बाहेर बोर्डावर नाव लागणार आहे. यंदा सहा तारीख शनिवारी आली म्हणून क्लीव्हलँडहून, सिनसिनाटीहूनसुद्धा लोक यायचे आहेत.

मुख्य भाषण मावशींचं. त्या त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगणार. आजोबा पवनीकडच्या एका खेड्यात गावकीची कामं करायचे. गावाचा मालक असलेला मालगुजार मेला तेव्हा गावोगाव मयताची खबर घेऊन जायला आणि सरणाची लाकडं वाहायला त्यांनी नकार दिला. मग गावाने पाणी तोडलं, मग ते सगळे नागपूरला गिरणीत आले, वगैरे. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतोय, पाठ आहे. तरी मावशी वहीत पुन्हा पुन्हा लिहितात, खोडतात. "जिंदगीत पुष्कळ बोलले, पण पोरींच्या शाळेत," म्हणाल्या. "असं बाहेरदेशी, स्टेजवरून, एकदाच."

सुजाताने त्यांच्यासाठी पांढरी साडी इस्त्री करून ठेवली आहे, आत्तापासून.

मंगळवार, २ डिसेंबर

डग ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन थांबला होता. सोबत सत्यजित.

सत्यजित माझ्याच कंपनीत, दुसऱ्या डिपार्टमेंटला. दादरचा, शिवाजी पार्कच्या बाजूचा. मराठी मंडळाचा अध्यक्ष होता दोनदा. ब्लू विंगमध्ये मला त्यानेच नेलं, हे मी विसरत नाही. पहिल्यांदा माझी जर्सी बघून त्यानेच विचारलं होतं, "गजभिये म्हणजे विदर्भातले का रे तुम्ही?" आणि मी हो म्हटल्यावर "अच्छा, अच्छा" म्हणाला होता. तेवढंच. माणूस वाईट नाही.

डगचं म्हणणं असं. अंत्यविधी शनिवारी स्टेडियममध्ये आहे, पण आत फक्त पासवाल्यांना सोडणार. बाकीचे लोक आपापल्या गावात मोठ्या पडद्यावर बघणार. डब्लिनच्या आमच्या मेंबरांना जागा नाही. कम्युनिटी सेंटरचा हॉल बघितला तर तो माझ्या नावावर. "मी विचारायला नको," डग म्हणाला. डोळे लाल झाले होते बिचाऱ्याचे. "पण तू आमच्यातलाच आहेस, म्हणून विचारतो."

आमच्यातलाच. चोवीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

तो म्हणाला, तुमच्याही नेत्याचा दिवस आहे ना? मग सुरुवातीची पाच मिनिटं तुमची. फोटो स्टेजवर ठेवा. तुमच्या आंटी बोलतील, आम्ही ऐकू. सत्यजित म्हणाला, "विन-विन आहे यार. तुमचे पंचवीस-तीस लोक, त्याऐवजी तीनशे लोकांसमोर होईल."

मी विचार केला, खरंच की. आपण आपल्याआपल्यात किती दिवस बोलायचं? गाव ऐकेल. हो म्हणालो.

घरी सांगितलं. सुजाता पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, आवाजही चढला नाही. म्हणाली, "आपल्या बापाला दुसऱ्याच्या तेरवीत पंगतीला बसवतोस?"

मी म्हणालो, "असं बोलायचं कारण नाही. पाच मिनिटं देतायत."

"हॉल कोणाचा होता?"

"माझ्या नावावर होता."

"नावावर होता," ती म्हणाली. "म्हणून काय तुझा होता?"

मावशी सगळं ऐकत होत्या. त्यांनी वही बंद केली, चष्मा डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "सुजाता, भांडू नको. मी घरी बोलते. बेसमेंट काय वाईट आहे?" मी म्हणालो, मावशी, पाच मिनिटं तुम्हालाच मिळणार आहेत, तीनशे लोक ऐकतील. त्या म्हणाल्या, "नाही, पंडितराव. पाच मिनिटांत तं माझा आजोबा खेड्यातून निघतच नाही."

बुधवार, ३ डिसेंबर

संजय वासनिकला फोन करून सांगितलं, ग्रुपमधला सगळ्यात जुना माणूस. वाटलं चिडेल. तो म्हणाला, "ठीक आहे दादा. बेसमेंटची सवय आहेच." चिडला असता तर परवडलं असतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

ऑफिसने दुपारनंतर सुट्टी दिली, सगळ्यांना. टेटसाहेबांची शवपेटी मैदानाच्या मधोमध ठेवली आहे. मी आणि सत्यजित लायनीत उभे राहिलो. लायन पार नदीच्या पुलापर्यंत. नाकाचा शेंडा बधिर झाला. लोकांच्या हातात निळी फुलं, निळे स्कार्फ. एका बाईने नवऱ्याच्या अस्थींचा डबा आणला होता, तोही फॅन होता म्हणे. कुणी हसलं नाही, सगळे तिला पुढे जा म्हणत होते.

दुसऱ्या शहराने दुप्पट पैसे देऊ केले तरी या माणसाने टीम हलवली नाही, एवढं एक काम त्याने केलं आणि लोक त्यासाठी बर्फात उभे आहेत.

सत्यजित म्हणाला, "डिसिप्लिन बघ यार. इतके लोक, पण कुठे धक्काबुक्की नाही, कचरा नाही. ही श्रद्धा म्हणतात."

खरं म्हणजे कॉफीचे कप जिकडेतिकडे पडले होते. एक माझ्याच बुटाखाली आला.

याच सत्यजितने मंडळाच्या कोजागरीला, मसाला दुधाचा ग्लास हातात घेऊन सांगितलं होतं, "सहा डिसेंबरला आमच्या घराला कुलूप. दोन दिवस आधीच लोणावळा. ती गर्दी, तो वास, तुम्हाला कल्पना नाही." सगळे हसले. मीही हसलो असेन, तोंड तसं करून ठेवलं होतं हे आठवतं. त्या गर्दीत मी होतो ना. सात वर्षांचा, आईच्या कडेवरून उतरवलेला, नागपूरहून बिनतिकीट गाडीत कोंबून आणलेला. आईच्या पिशवीत बांधलेल्या भाकरी आणि परत जाताना घ्यायची पुस्तकं. आम्हीही असेच लायनीत होतो, समुद्राच्या बाजूने, अशीच पावलं सरकवत. आईने आम्हाला केळीची सालं पिशवीत ठेवायला लावली होती. आपल्या लोकांना नावं ठेवायला नकोत म्हणाली. तरी ठेवलीच.

हे त्याला सांगावं असं आज तोंडापर्यंत आलं. अगदी आलं. सत्यजित डोळे पुसत होता. मी म्हणालो, "हो ना. खरंय."

शुक्रवार, ५ डिसेंबर

डगचा मेसेज आला. उद्या हॉलबाहेर पार्किंगमध्ये लोखंडी पिंपात आग पेटती ठेवायची आहे, मॅचच्या आधी ठेवतो तशी, साहेबांच्या मानासाठी. तुझ्याकडे लाकडं आहेत ना?

आहेत. अंगणातलं ॲशचं झाड किडीने मेलं म्हणून गेल्या वर्षी पाडलं, त्याची लाकडं गॅरेजमागे रचून ठेवली आहेत. सकाळी ऑफिसला दांडी मारून ती फोडली, गाडीत भरली. सीट पाडून मागचं सगळं भरलं. पाठ धरली.

मावशी खिडकीत उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनी परदा सारला.

संध्याकाळी दुकानातून बाबासाहेबांचा मोठा फोटो छापून आणला. घरातला फ्रेमवाला सुजाता नेऊ देणार नाही हे न विचारताही कळत होतं.

पायल म्हणाली, "बाबा, कम टुमॉरो. प्लीज. मावशीआजी प्रॅक्टिस्ड सो मच." मी म्हणालो, मी तिकडे आपल्याच कामासाठी जातोय. ती म्हणाली, "व्हॉटेव्हर," आणि वर निघून गेली.

शनिवार, ६ डिसेंबर

आजचं लिहून टाकतो म्हणजे संपेल.

सकाळी लवकर हॉलवर पोचलो. बाहेरच्या बोर्डावर टेटसाहेबांचं नाव. जर्सी कोटाच्या वरून घातली होती. फोटो स्टेजजवळच्या टेबलावर टेकवून ठेवला, मेणबत्ती लावली, तीन वेळा वाकलो. एक म्हातारी बाई, निळ्या केसांचा टोप घातलेली, बाजूला येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "निळा सूट शोभतो त्याला. सुरुवातीच्या कोचांपैकी होता का?" तिला चेष्टा करायची नव्हती, चांगली बाई होती. मी सांगायला लागलो. तेवढ्यात पडद्यावर स्टेडियम आलं आणि तिने माझ्या दंडावर हळूच हात ठेवून गप्प राहायची खूण केली.

प्रक्षेपण वेळेच्या आधीच सुरू झालं होतं. मी डगकडे गेलो. तो म्हणाला, सॉरी पंडित, मधे कुठेतरी करू. अंत्यविधीत हाफटाइम नसतो हे मलाही कळत होतं. तरी बरं म्हणालो. मग म्हणाला, "बाहेरची आग तेवढी बघशील? विझायला नको."

आग बघितली. लाकूड आणायचं, टाकायचं, सारखं करायचं. लोक शेकायला यायचे. "थँक्स, बडी." "मोअर वूड, बडी." पाठीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत आडनाव होतं, दिवसभर ते लोकांकडेच पाठ करून होतं. कुणी वाचलं नाही.

मधेच लघवीला आत गेलो तर टेबलावर चिलीची, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याची, भांडी मांडलेली, गरम ठेवायच्या वायरी लावलेल्या. फोटो दिसेना. शोधला. कोट ठेवायच्या खोलीत होता, नीट भिंतीला टेकवून, कुणीतरी सांभाळूनच ठेवला होता. मेणबत्ती विझवली होती, हॉलचे नियम आहेत म्हणे. मी फोटो उचलला आणि गाडीकडे नेला. मागे लाकडांचा भुसा, साली, चिखल. तिथे कसा ठेवणार? पुढच्या सीटवर ठेवला आणि सीटबेल्ट लावला.

परत आलो तर दार कुणीतरी अडकवून उघडं ठेवलं होतं, आतला माईक ऐकू येत होता. डग आभार मानत होता. म्हणाला, ज्यांनी आपला कार्यक्रम बाजूला ठेवून आपल्याला ही जागा दिली ती इंडियन कम्युनिटी, आणि त्यांच्या वतीने सत्यजित. टाळ्या. सत्यजित स्टेजवर चढला. छान बोलला तो. म्हणाला, आमच्या संस्कृतीत मृत्यू आला की आपपर भाव राहत नाही.

मी पिंपात लाकूड टाकलं.

घरी पोचलो तेव्हा लोक निघत होते. संजय गाडीत बसता बसता म्हणाला, "दादा, जय भीम. पोर्चमधला निळा दिवा मस्त लावलास." बेसमेंटमध्ये मेणबत्त्यांचे बुडखे, खुर्च्या, वॉटर हीटरजवळ फ्रेमवाला फोटो, त्याला पांढरी फुलं. मावशी झोपल्या होत्या. सुजाताने ताट वाढून ठेवलं. हाताला धुराचा वास येत होता, तीनदा धुतला तरी जाईना.

रविवार, ७ डिसेंबर

पायलने मावशींचं भाषण फोनवर रेकॉर्ड केलं होतं, नागपूरला पाठवायला. दुपारी मला म्हणाली, "यू शुड वॉच इट." आग्रह केला नाही, फोन समोर ठेवून गेली.

बघितलं. गोष्ट पाठ आहे, म्हणून चहा घेऊन बसलो होतो.

मावशी खुर्चीत न बसता उभ्या. पांढरी साडी, हातात वही, पण वहीत बघत नव्हत्या. म्हणाल्या, मालगुजार मेला तेव्हा पहाटे त्याचा दिवाणजी आमच्या आजोबाच्या दाराशी आला. शिव्या देत नाही आला, गोड बोलत आला. म्हणाला, तू तं आपल्यातलाच आहेस. मालक तुझे मालक नव्हते का? सात गावं खबर पोचवायची आहे, तुझ्याशिवाय कोणाला जमते? तुझ्या अंगणात लाकडं पडली आहेत, तेवढी घेऊन ये सरणाला.

आजोबाला वाईट वाटलं होतं, मावशी म्हणाल्या. मेल्या माणसाचं वाईट वाटतेच. रडलाही असेल. पण आठ दिवस आधी तो बाबासाहेबांची सभा ऐकून आला होता. तो म्हणाला, जी, वाईट वाटते ते माझ्या घरी वाटू द्या. खबर तुमची तुम्ही न्या.

हा भाग आधी होता का? दिवाणजीचं गोड बोलणं, अंगणातली लाकडं? मला आठवत नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही नीट ऐकलं नव्हतं. मावशींनी नवीन घातलं असेल तरी मला कळायचं नाही.

मग पाणी तोडलं, मग रात्रीतून नागपूर, मग गिरणी, मग पोरींच्या शाळा. सगळे डोळे पुसत होते. शेवटी मावशींनी वही मिटली. मला वाटलं संपलं. त्या म्हणाल्या, "आमचे जावई तुम्हाला आज दिसले नसतील. ते कामावर गेले आहेत. त्यांचा राग करू नका. हॉलसाठी वर्षभर पळाले तेच. पण काम असं आहे, सुटता सुटत नाही."

कुणी हसलं नाही. सुजाता कॅमेऱ्याच्या कडेला होती, तिने खाली बघितलं.

मी वर गेलो. मावशी बॅग भरत होत्या. एवढ्या लवकर, आठवडा आहे अजून. मी दारात उभा राहिलो. त्यांनीच विचारलं, "चहा गार झाला असंल तुमचा. करून देऊ का दुसरा?" खाली आल्या, केला, साखर दोन चमचे, मला लागते तशी. त्या चांगल्या वागतात तेच सहन होत नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

संध्याकाळी डगचा मेसेज. आभाराचा मजकूर तयार आहे, तेवढा सगळ्यांना पाठव, नेहमीसारखा. म्हाताऱ्यांना फोन करून वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल. मजकुरात हॉलबद्दल सत्यजितचे आणि इंडियन फॅमिलींचे विशेष आभार. फायरवूडचे आभार: ए फ्रेंड.

फ्रेंड म्हणजे मी.

जेवणाच्या टेबलावर फोन घेऊन बसलो. लिहिलं, "डग, हे मी पाठवणार नाही." वाचलं. पुसलं. लिहिलं, "डग, यापुढे हे काम दुसऱ्या कुणाला दे." ते जास्त बरं वाटलं. पुसलं. मनात म्हटलं, दुःखातला माणूस आहे, आत्ता कशाला, पुढच्या महिन्यात सांगू. सीझन संपल्यावर सांगू. प्लेऑफची तिकिटं त्याच्याकडेच असतात.

मावशींचे आजोबा नाही म्हणाले तेव्हा त्यांचं पाणी गेलं, गाव गेलं. माझं काय जाणार होतं? एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तरी तोंडातून नाही निघेना. लाज वाटते लिहायला, पण निघेना.

सुजाता दारात येऊन उभी राहिली. "कोणाचं काय आलंय?"

"ऑफिसचं," मी म्हणालो.

ती मग पोर्चचं बटण बंद करायला गेली. मावशी आतून म्हणाल्या, "राहू दे गं, चांगला दिसते तो दिवा."

मजकूर पाठवला. लगेच अंगठे यायला लागले, पहिला सत्यजितचा. मग यादी काढली आणि म्हाताऱ्यांना फोन लावायला घेतले.